दुसऱ्या अंतऱ्याआधी

डोळ्यांत औषध घालून बसवलंय मला
एग्मोरच्या इस्पितळात, बाकड्यावर, तिसऱ्या नंबरला.
बाहुल्या मोठ्या होईपर्यंत हलायचं नाही.
समोर सगळं ताकासारखं पांढुरकं,
आणि कुणाच्या तरी मोबाइलवर, बारीक आवाजात,
ते गाणं.

लोकांना त्याचे शब्द पाठ आहेत.
रिक्षावाल्यांना, लग्नातल्या बँडला,
माझ्या धाकट्या सुनेला, जी कांदा चिरताना
नेमकी वरच्या सुरापाशी थांबते.
मला शब्द कधी आलेच नाहीत.
आम्ही वाजवलं तेव्हा गाणारी बाई यायची होती;
तिच्या जागी एक उंच माइक
आणि नुसतं ला-ला म्हणणारा मदतनीस.

वडपळनीचा स्टुडिओ. सकाळचे सात.
तंगय्यानं रात्रभर जागून उतरवलेले नोटेशनचे कागद,
शाई अजून ओली, माझ्या पानावर
त्याच्या अंगठ्याचा ठसा, तिसऱ्या सुरावर.
चौदा व्हायोलिन, चार व्हायोला, दोन चेलो.
एसी इतका गार की बोटं काखेत धरून बसायचो.
काचेपलीकडून संगीतकार एवढंच म्हणाले,
"मुलगी. सायकल. मिठागरं. संध्याकाळ."
मग लाल दिवा.

ऐका आता. पहिला अंतरा संपतोय.
तबला एक मात्रा गप्प बसतो.
तो गप्प बसतो म्हणून पुढचं सगळं आहे.
बासरी वरून येते, घाई नाही तिला,
गुणशेखरनं मध्येच घेतलेला श्वासही तसाच राहिलाय.
व्हायोलिन तिला झेलतात, वर नेतात, आणखी वर,
सगळ्या जगाचं लक्ष तिकडं.
आणि खाली आम्ही चौघे
एकच ओळ उलट्या दिशेनं उतरवत नेतो,
विहिरीत घागर सोडताना
दोर सरकून तळवा गरम होतो, तशी.
चौदा सेकंद.
ही ओळ कुणी ऐकत नाही.
काढून टाकली तर मात्र गाणं
एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखं डुगडुगेल.

तशी काढलीच होती म्हणा.
सिनेमा नऊ दिवस चालला. मी पाहिला नाही,
त्या आठवड्यात रोज तीन-तीन कॉलशीट.
कितीतरी वर्षांनी रात्री दोन वाजता टीव्हीवर लागला.
एस्तरला उठवलं. ती उशी घेऊनच येऊन बसली.
मुलगी आली, सायकल आली, मिठागरं
मी मनात धरली होती त्याहून मळकी,
पहिला अंतरा संपला
आणि धाडकन दुसरा सुरू.
कात्री.
एस्तर म्हणाली, "छान आहे की," आणि झोपायला गेली.

म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांनी ते ऐकलंच नाही.
ज्यांनी कॅसेटवर ऐकलं
त्यांच्या डोळ्यांपुढून कुणाची सायकल गेली, देव जाणे.

शेजारी कुणीतरी गुणगुणतंय.
शब्द नाहीत. बासरी नाही.
खालची ओळ. आमची.
"कोण रे?"
"वॉर्डबॉय, सार. करुप्पय्या. रामनाडचा."
"हे कुठं ऐकलंस?"
"मामाच्या बसमध्ये, सार. मी मागच्या सीटवर,
स्पीकर सीटखाली, फाटका.
तिथं एवढंच ऐकू यायचं."

तिसऱ्या सुराला चुकतो पोरगा.
"तो गंधार कोमल घे, बाळा."
तो पुन्हा गुणगुणतो. तसाच.
"नाही सार. तो असाच आहे."
आणि गाणं मागं नेऊन
मोबाइल माझ्या कानाशी धरतो.

दिसत काहीच नाही.
तबला गप्प बसतो.
तंगय्याचा अंगठा, ओली शाई,
चौघांपैकी कुणाचं बोट, त्या गारठ्यात...

नर्स माझा नंबर पुकारते.
"परत लाव," मी म्हणतो.